दारावरची कडी : उंबरठ्याचे पहिले भूषण

दीपावली हा जसा दिव्यांचा उत्सव आहे, तसाच तो दाराचाही उत्सव आहे. वसुबारसेच्या सायंकाळी अंगणात पहिली रांगोळी रेखली जाते ती दारापुढेच. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे ज्योत करून जो दिवा ठेवावयाचा, तोही घराबाहेर, दाराशी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुंकवाची वा रांगोळीची पाउले उमटतात ती उंबरठ्यापासून देवघरापर्यंत; आणि भाऊबीजेला बहिणीचे डोळे लागलेले असतात तेही दाराकडेच. झेंडूचे तोरण, आकाशकंदील, उंबरठ्यावरची हळद-कुंकवाची बोटे ही सारी पूजा त्या दोन फळ्यांची आणि एका चौकटीची आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

या दारावर एक लहानशी वस्तू असते, अथवा एकेकाळी असे. ती म्हणजे दर्शनी दरवाजाची कडी. घरातल्या माणसांना तिचे विशेष काही वाटत नाही. पण बाहेरून येणाऱ्याचा हात या घरात प्रथम लागतो तो तिलाच. यजमानाचा चेहरा दिसण्यापूर्वी, ‘या, बसा’ हे शब्द कानी पडण्यापूर्वी, पाहुण्याची आणि घराची पहिली ओळख होते ती या कडीच्या द्वारे. विजेची घंटा आली आणि कडी मागे पडली. अलीकडे मात्र नव्या सदनिकेत वा बंगल्यात राहावयास जाणारी अनेक कुटुंबे दारावर पितळेची नक्षीदार कडी हौसेने बसवितात. बाजारात तिला ‘नॉकर’ म्हणतात. धनत्रयोदशीला धातूची एखादी वस्तू घरी आणण्याची प्रथा पुष्कळ घरी पाळली जाते. या वर्षी ती वस्तू दाराची कडी असावी, असे ज्यांच्या मनात असेल, त्यांच्यासाठी हा विचार.

जुन्या दरवाजाची थोरवी

जुन्या वाड्याचा दरवाजा म्हणजे एक संपूर्ण संसारच असे. सागवानाची भक्कम चौकट, वर मध्यभागी गणेशपट्टी, खाली उंच उंबरठा, आत भिंतीत सरकणारा अडसर आणि बाहेर कडी-कोयंडा. मोठ्या वाड्यांना भव्य दरवाजातच एक लहान दिंडी दरवाजा ठेवलेला असे. मोठा दरवाजा मिरवणुकीसाठी आणि लग्नकार्यासाठी. रोजचे येणे-जाणे दिंडीतून, आणि तेही वाकून. घरात शिरताना मान लवावी, हा संस्कार सुताराने लाकडातच घडवून ठेवला होता. पुण्याचा शनिवारवाडा १७३० साली पायाभरणी होऊन उभा राहिला आणि १८२८ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. पण त्याचा दिल्ली दरवाजा आपल्या अणकुचीदार लोखंडी खिळ्यांसह आजही उभा आहे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते खिळे. तो राजसत्तेचा दरवाजा. सामान्य गृहस्थाच्या दारावर खिळे नसत, तेथे कडी असे. एका दाराची भाषा ‘दूर राहा’ अशी, तर दुसऱ्याची ‘हाक द्या’ अशी.

ही कडी तीन कामे करी. बाहेर पडताना तिला धरून दार ओढून घ्यावयाचे. गावाला जाताना तीच कोयंड्यात अडकवून कुलूप घालावयाचे. आणि परतल्यावर तीच वाजवून आतल्यांना जागे करावयाचे. निरोप, राखण आणि आगमन या तिन्हींची साक्षीदार अशी ही एकच वस्तू. शिवाय तिच्या आवाजातही माणूस ओळखू येई. दूधवाल्याचे घाईचे दोन ठोके, शेजारच्या काकूंची हलकी किणकिण, कचेरीतून दमून आलेल्या गृहस्वामीचा एकच संथ ठोका. दार उघडण्यापूर्वीच घरातल्या बाळाला ‘बाबा आले’ हे कळत असे.

इराणातील यझ्द या प्राचीन नगरीत जुन्या घरांच्या दारांवर दोन निरनिराळ्या कड्या आढळतात. एक जड, भरदार आवाजाची, पुरुष पाहुण्यांसाठी, आणि दुसरी हलक्या कड्याची, स्त्रियांसाठी. आवाजावरून दार कोणी उघडावयाचे, हे घरात ठरे. इंग्लंडमधील डरहॅमच्या प्रार्थनामंदिराच्या दारावर बाराव्या शतकातील एक सिंहमुखी कडी होती; मूळ कडी आता तेथेच जतन करून ठेवली असून दारावर तिची प्रतिकृती आहे. मध्ययुगात एखादा अपराधी पळत येऊन त्या कडीशी पोहोचला, की त्याला ३७ दिवस आश्रय मिळे. देश वेगळे, धर्म वेगळे. पण कडीला हात लावणारा माणूस काही मागावयास आला आहे आणि त्याचे ऐकून घेतले पाहिजे, ही जाणीव सर्वत्र एकच.

दारी आलेला अतिथी

आपल्या परंपरेत या जाणिवेला धर्माचे अधिष्ठान आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्या जोडीने अतिथीलाही देव मानण्याची आज्ञा आहे. ज्या क्षणी शिष्य गृहस्थ होण्यास निघतो, त्याच क्षणी हे सांगितले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याहूनही मार्मिक कथा आहे ती कठोपनिषदातील. पित्याच्या शब्दाखातर बाल नचिकेता यमसदनी गेला. यमधर्म घरी नव्हता. तीन रात्री तो कुमार अन्नावाचून तेथे राहिला. यम परतला तेव्हा त्याला सांगण्यात आले, की अतिथी अग्नीसारखा घरात येतो. त्याला आधी पाणी देऊन शांत करावे. ज्याच्या घरी अतिथी उपाशी राहतो, त्याचे पुण्य, त्याच्या आशा, त्याची संतती आणि पशुधन सारे लयास जाते. साक्षात मृत्यूदेखील या दोषाला भ्याला! त्याने नचिकेत्याला वंदन केले आणि तीन रात्रींच्या उपवासाबद्दल तीन वर दिले. त्या वरांतूनच आत्मविद्येचा तो थोर संवाद जन्माला आला.

धनत्रयोदशीला आपण यमासाठी दिवा लावतो तो अपमृत्यू टळावा म्हणून. त्या दिव्यापाशी उभे राहून ही कथा एकदा मुलांना सांगावी. ज्याच्यासाठी दिवा लावतो, तो यमच आपल्याला सांगतो आहे, की दारी आलेल्याला ताटकळत ठेवू नका.

मग दार तत्काळ उघडता आले नाही तर? त्याचेही उत्तर आपल्या संतपरंपरेत आहे. पंढरीला पुंडलिकाच्या दारी प्रत्यक्ष परब्रह्म येऊन उभे राहिले. पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत गढलेला. तो उठला नाही. परंतु त्याने देवाची हाक ऐकली नाही, असे मात्र झाले नाही. त्याने वीट पुढे केली आणि क्षणभर थांबण्याची विनंती केली. देव त्या विटेवर उभा राहिला तो आजही उभाच आहे. कर्तव्यामुळे विलंब झाला, तर तो देवही सोसतो. पण साद दिल्यावर प्रतिसाद मिळाला पाहिजे. कडीचा सारा अर्थ या एका विटेत सामावला आहे.

रूप कोणते निवडावे

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दुकानात गेल्यावर दृष्टी गोंधळून जाईल इतके प्रकार दिसतात. सिंहमुख, गजमुख, मयूर, हंस, कमळ, वेलबुट्टी, स्वस्तिक, कलश आणि अगदी गणेशमुखाच्या कड्याही. यांपैकी काय घ्यावे?

प्रथम देवमूर्तीच्या कडीचा विचार करू, कारण भाविक घरात हाच प्रश्न सर्वांत नाजूक ठरतो. विघ्नहर्त्याचे मुख दारावर असावे, ही भावना उत्तमच आहे. पण कडी ही वाजवावयाची वस्तू आहे. येणारा माणूस पायांत वहाणा असताना, कोठून कोठून आलेल्या हाताने तिला धरणार. कोणी घाईने आपटणार. गणेशाच्या सोंडेत अडकविलेले कडे दिवसातून दहा वेळा त्याच्याच अंगावर आदळणार. ज्या मूर्तीला आपण स्नान करून, सोवळ्याने स्पर्श करतो, तिची ही योजना मनाला रुचत नाही. आपल्या पूर्वजांनी याचा निर्णय चौकटीतच करून ठेवला आहे. गणपती कडीवर नव्हे, तर गणेशपट्टीवर. हाताच्या उंचीवर नव्हे, तर मस्तकाच्या वर. पाहुण्याने वर पाहून मनोमन नमस्कार करावा आणि मग हात कडीला लावावा, हा क्रम योग्य आहे.

ज्यांच्या दारावर अशी कडी आधीच बसलेली आहे, त्यांनी मात्र मनात भय धरण्याचे कारण नाही. भावना शुद्ध असेल तेथे दोष शोधीत बसणारा देव आपला नव्हे. ती काढून, स्वच्छ करून, कडे वेगळे करता येत असेल तर वेगळे करून, चौकटीच्या माथ्यावर बसवावी आणि तिच्या जागी साधी कडी लावावी, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

मग कडीवर काय असावे? वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत मंदिराच्या द्वारशाखा कशांनी सुशोभित कराव्यात, हे सांगितले आहे. मंगल पक्षी, श्रीवृक्ष, स्वस्तिक, घट, मिथुने, पानांच्या वेली आणि शिवगण यांचा त्यात उल्लेख आहे. हे वर्णन देवालयाचे असले, तरी गृहस्थाच्या दाराला त्यातून सहज मार्गदर्शन मिळते. मयूर वा हंस, कमळ, पूर्णकलश, पानांची वेल या आकृती डोळ्यांना प्रसन्न आहेत, मंगल आहेत, आणि हाताळल्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही. स्वस्तिक निवडावयाचे झाल्यास ते कड्यावर नव्हे, तर मागच्या स्थिर पट्टीवर असावे, आणि ती पट्टी दोन किंवा अधिक स्क्रूंनी घट्ट बसवावी. एकाच स्क्रूवर लटकणारी पट्टी कालांतराने फिरते आणि मंगल चिन्ह वाकडे दिसू लागते.

कीर्तिमुखाची कथा

सिंहमुखी कडी सर्वत्र लोकप्रिय आहे. तिला पाश्चात्त्य म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण तिच्याशी साधर्म्य असलेले एक रूप आपल्या मंदिरांच्या दारांवर शतकानुशतके विराजमान आहे. ते म्हणजे कीर्तिमुख.

त्याची पुराणकथा अशी. उन्मत्त झालेल्या जालंधर दैत्याने राहूला दूत करून शंकराकडे धाडले आणि पार्वतीची मागणी केली. शिवाच्या क्रोधातून एक भयंकर, अस्थिपंजर, भुकेलेला पुरुष उत्पन्न झाला आणि राहूला खावयास धावला. राहू शरण आला. शरणागताला शिवाने अभय दिले. मग त्या भुकेल्याने विचारले, की मी आता खाऊ काय? शिव म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने आज्ञा शिरोधार्य मानली आणि पायांपासून स्वतःचे अंग खाण्यास आरंभ केला. शेवटी केवळ मुख उरले. त्या आज्ञापालनाने संतुष्ट होऊन शिवाने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले आणि आपल्या दाराशी त्याची स्थापना केली. त्याला वंदन केल्यावाचून माझी पूजा फळणार नाही, असा वरही दिला.

महाराष्ट्रातील अनेक प्राचीन शिवालयांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर हे मुख कोरलेले दिसते. भाविक त्याला हात लावून, तो हात कपाळाशी नेऊन मग आत जातात. स्वतःची हाव आणि अहंकार स्वतःच गिळून टाकल्यावाचून आत प्रवेश नाही, असा त्याचा बोध सांगितला जातो. घराच्या दारावर असे मुख असेल, तर तो बोध पाहुण्यापेक्षा यजमानालाच अधिक उपयोगी आहे. बाहेरचा राग, कचेरीतली कटुता, बाजारातली चढाओढ ही उंबरठ्याबाहेरच संपवून आत यावे. मात्र निवडताना मुख उग्र असले तरी विद्रूप नसावे, आणि कडे त्याच्या तोंडात मोकळे फिरावे, एवढे पाहावे. घरात लहान मुले असतील आणि त्यांना भीती वाटत असेल, तर गजमुख अथवा मयूर बरा.

धातूची पारख

कडीचे सौंदर्य रूपात, पण तिचे आयुष्य धातूत असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचा. दोन्ही ओतकामाला अनुकूल आणि आवाजाला गोड. कडी ही बहुधा ओतीव असते. वाळूच्या साच्यात रस ओतून ती करतात, अथवा मेणाची प्रतिकृती घडवून, तिच्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत रस ओततात. या दुसऱ्या पद्धतीला मधूच्छिष्टविधान असे प्राचीन नाव असून, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात तिचे वर्णन आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन जे मठारकाम चालत आले, ते घडीव काम. कडीचे काम मुख्यतः ओताऱ्याचे. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे पितळकामासाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि तेथील माल आपल्या बाजारातही येतो.

पितळ म्हणून विकली जाणारी प्रत्येक पिवळी वस्तू पितळ नसते. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, लोहचुंबक. तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर केवळ मुलामा. दुसरी, वजन. चुंबक न चिकटणाऱ्याही जस्ताच्या वा ॲल्युमिनियमच्या वस्तू पिवळ्या रंगवून येतात; पण पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठपट जड, जस्त सातपट आणि ॲल्युमिनियम तीनपटीहूनही कमी, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन कड्या दोन हातांत तोलल्या की फरक कळतो. तिसरी, मागची बाजू. पुढून कितीही झळाळी असली, तरी मागच्या कोपऱ्यात हलकासा ओरखडा काढू द्यावा. आत पांढरट धातू दिसला तर ते पितळ नव्हे. चौथी, आवाज. कडे बोटावर टांगून दुसऱ्या धातूने हलकेच वाजवावे. निर्दोष ओतकाम खणखणते. आत फुगे वा चीर असेल तर आवाज बद्द येतो. देवघरातली घंटा घेताना जी परीक्षा आपण करतो, तीच येथेही करावी.

सागरकिनारी राहणाऱ्यांनी थोडा अधिक विचार करावा. रत्नागिरी, मालवण, गोवा अथवा मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड तर लवकर गंजतेच, पण पितळावरही हिरवट कळंक चढतो. हलक्या प्रतीच्या पितळातील जस्त हळूहळू झिजून धातू तांबूस आणि ठिसूळ होतो. अशा ठिकाणी भरीव, जाड कडी घ्यावी आणि नक्षी फार बारीक नसावी, कारण बारीक खाचांतच खार साचून राहतो.

बसविण्यापूर्वी

बृहत्संहितेत एक सूक्ष्म निरीक्षण आहे. आपोआप उघडणारे आणि आपोआप मिटणारे दार तेथे अशुभ मानले आहे. कोणताही जाणता सुतार सांगेल, की दार आपोआप फिरते याचा अर्थ चौकट ओळंब्यात नाही, किंवा बिजागऱ्या सैल झाल्या आहेत. म्हणून कडीचे वजन दारावर घालण्यापूर्वी दार अर्धे उघडून सोडून द्यावे. ते जेथल्या तेथे थांबले, तर चौकट ठीक. हलले, तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे.

सदनिकांची पुष्कळशी दारे आतून पोकळ असतात. त्यांवर केवळ लाकडी स्क्रूंनी जड कडी बसविली, तर काही महिन्यांतच ती सैल होते. अशा दाराला आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूस चकती व नट लावावा. भरीव सागवानी दाराला पितळेचेच स्क्रू वापरावेत. लोखंडी स्क्रू पावसाळ्यात गंजतात आणि लाकडावर काळे डाग उतरतात. बाहेर लोखंडी जाळीचे सुरक्षा-दार असेल, तर आतल्या दारावरची कडी निरर्थक ठरते. ती बाहेरच्या दारावरच हवी. मात्र लोखंड आणि पितळ यांच्यामध्ये रबराची चकती घालावी, नाहीतर ओलाव्यात त्या सांध्याशी लोखंड झपाट्याने गंजते.

उंची जमिनीपासून साधारण साडेचार ते पाच फूट असावी. दारात पाहण्याचे भिंग असेल, तर कडी त्याच्या थोडी खाली, म्हणजे वाजविणाऱ्याचा चेहरा भिंगासमोर येतो. कडे जेथे आदळते तेथे खाली धातूची घुंडी अवश्य बसवावी. ती नसेल तर दाराच्या लाकडाला खड्डा पडतो. घरात तान्हे मूल वा आजारी माणूस असेल, तर त्या घुंडीवर तात्पुरता कापडाचा तुकडा बांधला की आवाज मऊ होतो.

बसविण्याचा मुहूर्त ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा असलेला बलिप्रतिपदेचा दिवस समोरच आहे. कडीला हळद-कुंकू लावावे, एक फूल वाहावे आणि पहिला ठोका घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या हातून वाजवावा. पूजेच्या आरंभी घंटानाद करतो तो देवांनी यावे आणि अमंगलाने जावे म्हणून. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घालविण्याची रीत आहे तीही याच भावनेने. दाराशी उमटणारा मंगल नाद आपल्याला परका नाही.

पितळेची निगा चिंच, लिंबू-मीठ अथवा बारीक राखेने आपल्या आज्या राखीत असत. तीच रीत आजही चालते. फक्त घासल्यावर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने आंबटपणा पूर्ण पुसून कोरडे करावे, नाहीतर कळंक अधिकच चढतो. कडीवर लॅकरचा पारदर्शक थर दिलेला असेल, तर मात्र चिंच लावू नये. तो थर तुकड्यातुकड्याने निघतो आणि कडी कोड उठल्यासारखी दिसते. तिला मऊ कोरडे फडके पुरे.

दार कोणासाठी

एवढे सारे झाल्यावर खरा प्रश्न उरतोच. कडी सुंदर बसली. ती वाजल्यावर दार उघडते का?

आपल्या इतिहासात बंद दारांची व्यथा थोडीथोडकी नाही. लोकनिंदेने खिन्न होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून जी आर्त विनवणी केली, ती ताटीच्या अभंगांच्या रूपाने मराठी माणसाच्या ओठी आहे. ते दार बहिणीच्या प्रेमाने उघडले. पण चोखोबांसारख्या भक्तश्रेष्ठाला आयुष्यभर विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर उभे राहावे लागले. त्यांची समाधी आजही त्या महाद्वाराशीच आहे. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपूर येथे उपोषण आरंभिले, दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा विठूरायाचे दार त्याच्या सर्व लेकरांना खुले झाले. देवाच्या दाराबाबत जो धडा आपण इतक्या उशिरा शिकलो, तो आपल्या घराच्या दाराबाबत विसरता कामा नये. घरकाम करणारी बाई, कचरा नेणारा, टपाल आणणारा, पत्ता विचारणारा यांच्यासाठी ‘दुसरे दार’ आणि ‘दुसरा पेला’ ज्या घरी असतो, त्या घराच्या कडीवर कितीही कमळे कोरली, तरी लक्ष्मीची पाउले तेथे रांगोळीचीच राहतात.

दुसऱ्या बाजूने, आजच्या शहरी जीवनातील भयही खोटे नाही. मुले परगावी वा परदेशी आणि घरात दोघेच वृद्ध, असे चित्र आता घरोघरी आहे. त्यांनी कोणासाठीही दार सताड उघडावे, असे कोणी म्हणणार नाही. आधी भिंगातून पाहावे, आतली साखळी लावूनच फळी किंचित उघडावी, अनोळखी माणसाला बाहेरच थांबवावे. यात आतिथ्यधर्माला कोठेच बाध येत नाही. बाध येतो तो आत माणसे असूनही कोणीच उत्तर न देण्यात. ‘कोण आहे?’ हा शब्दही एक वीटच आहे. त्यावर येणारा धीराने उभा राहू शकतो.

आणि या वृद्धांच्या घरांविषयी एक गोष्ट शेजाऱ्यांनी मनावर घ्यावी. त्यांच्या दारावरची कडी कित्येकदा दिवसेंदिवस वाजत नाही. सणाचा फराळ चांदीच्या वाटीतून नाही, साध्या ताटलीतून घेऊन जावे. मुलांना बरोबर न्यावे. ती कडी मुलांच्या हातून वाजवावी. ऐकू कमी येत असेल, तर दोनदा वाजवावी आणि धीर धरावा, कारण आतून येणारी पाउले संथ असतात. एकाकी घरात दिवाळीच्या दिवशी उमटलेला तो एक ठोका कोणत्याही फटाक्याहून अधिक आनंद देतो, याचा अनुभव ज्याचा त्याने घ्यावा.

यंदाच्या दीपोत्सवात आपल्या दाराला नवी कडी लागो वा जुनीच घासून लख्ख होवो; तिच्या नादाने घरात आप्तेष्ट येवोत, शेजारी येवोत, वाट चुकलेला पांथस्थही येवो. त्या प्रत्येकाला आतून आपुलकीचा प्रतिसाद मिळो आणि अशा दाराशी लक्ष्मी आपण होऊन येवो, हीच सर्व कुटुंबांस दीपावलीची मंगल कामना.